गावी आलं की बॅटरी का उतरते? आधी रेंज बघा

गणपतीत गावी आलेल्या चाकरमान्यांची एक तक्रार ठरलेली असते, मुंबईत फोन रात्रीपर्यंत आरामात जातो आणि इथे दुपारच्या आरतीपर्यंतच बॅटरी लाल होते. मग कोणी म्हणतं फोनच खराब लागला, कोणी म्हणतं अपडेट आल्यापासून असं होतंय, आणि बाजारात दाखवायला नेलं की दुकानदार उलटसुलट करून सांगतो बॅटरी गेली, बदलावी लागेल. मी राजापूर तालुक्यात राहते, घर सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी पठाराच्या, खाली वाडीत, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की बॅटरीवर पैसे घालवायच्या आधी रेंज तपासा, कारण आपल्याकडे बऱ्याचदा बॅटरी धडधाकट असते, तिला खातं ते नेटवर्क.

होतं असं की फोन नुसता पडून असला तरी अधूनमधून टॉवरशी बोलत असतो. फोरजी फोन जास्तीत जास्त साधारण २०० मिलिवॅट ताकदीने सिग्नल पाठवू शकतो, टॉवर जवळ असेल तर त्याच्या शेकडो पट कमी ताकदीत भागतं. पण टॉवर लांब, मध्ये डोंगर, वर पत्रा आणि भिंती चिऱ्याच्या जाड, मग फोन आपली सगळी ताकद लावतो. मे महिन्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की तेवढ्याच कळशीभर पाण्याला राहाट किती वेळ ओढावा लागतो, तसंच हे. आणि रेंज पूर्णच गेली की फोन गप्प बसत नाही, कुठला टॉवर मिळतोय का ते परत परत शोधत राहतो, त्यात अजून खर्च होतो. पावसात लाईट गेली आणि टॉवरचा बॅकअप पण संपला की गावातले सगळे फोन एकदम लांबचा टॉवर शोधायला लागतात, म्हणून नेमकी लाईट नसते तेव्हाच बॅटरी भराभर उतरते.

हे डोळ्याने बघता येतं. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन अबाउट फोन, मग स्टेटस, मग सिम स्टेटस (कंपनीनुसार नावं थोडी इकडेतिकडे असतात), तिथे सिग्नल स्ट्रेंथ म्हणून उणे काहीतरी डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप) असा आकडा दिसतो. वरच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका, त्या प्रत्येक कंपनी आपल्या मनाने दाखवते, आकडा बघा. उणे ८०-८५ असेल तर चांगलं, उणे ११० च्या पलीकडे गेलं की हाल. आमच्या ओटीवर उणे ११८ दाखवतं, खळ्यात आलं की १०८, आणि वर सड्यावर काजूच्या बागेत ८५. दहाचा फरक दिसायला छोटा वाटतो पण दर दहाला सिग्नल दहापट होतो, म्हणजे आमची ओटी आणि सडा यात हजारपटीच्या वर फरक आहे, आणि चालत जायला तो दहा मिनिटांचासुद्धा रस्ता नाही!

आता खात्री कशी करायची. रात्री झोपताना फोन एरोप्लेन मोडवर टाका, वायफाय पण बंद, टक्के बघून ठेवा, सकाळी परत बघा. दुसऱ्या रात्री तेच पण नेटवर्क चालू ठेवून. एरोप्लेन मोडमध्ये दोन-तीन टक्केच गेले आणि नेटवर्क चालू असताना पंधरा-वीस गेले तर तुमची बॅटरी ठीक आहे, उगाच बदलू नका. दोन्ही रात्री सारखेच भरपूर गेले तर मात्र एखादं अ‍ॅप किंवा खरोखर बॅटरी. माझ्या चुलत दादाला हेच करायला लावलं, तो नवी बॅटरी टाकायला निघालाच होता. "अगं पण वॉरंटी संपलीय, आत्ताच बदललेली बरी ना?" "दादा, दोन रात्री थांब, मग बघू." एरोप्लेन मोडवर त्याचा फोन सकाळी जवळपास जसाच्या तसा होता. त्याच्या दुसऱ्या सिमला आमच्या वाडीत रेंजच नाही, ते रात्रंदिवस टॉवर शोधत बसलेलं.

म्हणून पहिला उपाय हाच, ज्या सिमला गावात रेंज नाही ते सेटिंग्जमधून बंद करा, काढायची पण गरज नाही. दुसरा, फाईव्हजी. आपल्या देशात ते ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं पण खेडोपाडी अजून कुठे आहे कुठे नाही, आणि ते जिथे अर्धवट मिळतं तिथे फोन फाईव्हजी-फोरजी असा उड्या मारत राहतो, तर मोबाईल नेटवर्कमध्ये जाऊन प्रिफर्ड नेटवर्क फोरजी करून टाका. तिसरा, घरात फायबरचं वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, बऱ्याच फोनमध्ये एरोप्लेन मोड लावून वर वायफाय चालू केलं तरी फोन येतात जातात, आणि आवाज पण स्वच्छ.

एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे अर्धवट गेलेले व्हिडिओ. भजनाचा मोठा व्हिडिओ कोणीतरी ग्रुपवर टाकलेला असतो, तो कमी रेंजमध्ये चढत नाही, नुसता गोल गोल फिरत राहतो, आणि फोन खिशात गरम होतो. फोटोंचा बॅकअपही तसाच. जी गोष्ट चांगल्या रेंजमध्ये मिनिटात संपली असती ती इथे तासन् तास फोनचा रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, चालू ठेवते. बॅकअप फक्त वायफायवर ठेवा, आणि अडकलेला व्हिडिओ रद्द करून सड्यावर गेल्यावर पाठवा.

बॅटरी वाचवणारी म्हणून जी अ‍ॅप मिळतात ती काढून टाका. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून डोझ म्हणून सोय आहे, फोन पडून असला की तो स्वतःच अ‍ॅप झोपवतो. सारखी अ‍ॅप सरकवून बंद करण्यानेही काही वाचत नाही, ती परत उघडताना उलट जास्त लागतं. लोकेशनची परवानगी मात्र एकदा बघाच, जिथे 'नेहमी' असेल तिथे 'वापरात असतानाच' करा.

रेल्वेने येताना पण हेच. कोकण रेल्वेवर ९० च्या वर बोगदे, एकटा करबुडेचाच साडेसहा किलोमीटरचा, आत नेटवर्क गायब, बाहेर आलं की परत शोध. रत्नागिरी यायच्या आत फोन अर्धा होतो. गाणी, सिनेमा आधी डाउनलोड करून एरोप्लेन मोडवर बघा. होडीवर जाणाऱ्यांसाठी एक सांगते, एरोप्लेन मोडमध्ये बहुतेक फोनचं जीपीएस चालूच राहतं कारण ते फक्त सिग्नल घेतं, पाठवत नाही, तर नकाशा आधी उतरवून ठेवा. पण किनाऱ्याची रेंज असेल तिथवर फोन चालूच ठेवा, वादळाचा इशारा आणि तातडीच्या मदतीचा ११२ नंबर त्यावरच आहे.

बॅटरी खरंच गेली असेल तर ती वेगळी कळते. तीस टक्क्यांवरून फोन एकदम बंद पडतो, चार्जिंगला लावला की टक्के उडी मारतात. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, मे महिन्यात बागेत उन्हात ठेवलेला किंवा उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन वर्षभरात म्हातारा होतो आणि ते नुकसान भरून येत नाही. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर चार्जिंग लगेच बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, दुकानात न्यायचा.

हे सगळं मी एवढं पोटतिडकीने लिहितेय कारण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, आणि तेव्हा फोनमधले दहा टक्के म्हणजे मुंबईच्या पोराला 'आम्ही बरे आहोत' एवढं सांगता येणं होतं.

म्हाताऱ्या माणसांचा फोन एरोप्लेन मोडवर टाकून चालत नाही, लेकाचा फोन रात्री-अपरात्री येऊ शकतो. आईच्या फोनचं मी असं केलंय, फोरजी फक्त, दुसरं सिम बंद, रात्री डेटा बंद, रिंग पूर्ण मोठी. आणि आकडा बघत बघत घरभर फिरून पडवीतली पूर्वेकडची खिडकी शोधली, तिथे उणे १०१ येतं, तर फोन तिथेच फळीवर ठेवायचा. फोन तोच, बॅटरी तीच, आता संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला पण निम्मी शिल्लक असते.