९० ऑर्डरी आल्या, पण राहिले किती?

मार्च २०२२ मध्ये आमच्या कांदा लसूण मसाल्याच्या पहिल्यांदाच एका महिन्यात ९० ऑर्डरी आल्या. ३८० रुपयाला अर्धा किलो, म्हणजे ३४,२०० रुपये. मी पुण्यातली नोकरी लॉकडाऊनमध्ये गेल्यावर कराडला घरी आलेली, आईच्या हातचा मसाला ऑनलाइन विकायचा हे माझंच डोकं, त्यामुळे त्या रात्री मी इतकी खूश होते की जेवताना तीनदा तेच सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "बरं, मग राहिले किती?"

मला सांगता येईना. म्हणजे अंदाज पण सांगता येईना. बँकेत पैसे दिसत होते पण त्यात मागच्या महिन्याचे किती, सीओडीचे (म्हणजे माल पोचल्यावर ग्राहक देतो ते) अजून यायचे किती, मिरचीवाल्याला द्यायचे किती, सगळं एकाच खात्यात एकत्र, त्यातच माझा मोबाइल रिचार्ज आणि घरचं लाइट बिल पण.

त्याआधी वर्षभर मी खूप शिकले होते असं मला वाटत होतं. यूट्यूबवर व्हिडिओ बघितले, एक पैसे भरून कोर्स पण केला. त्यातून इन्स्टावर जाहिरात कशी लावायची, रील कसं कापायचं, वेबसाइटवर पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सोय) कसा जोडायचा हे खरंच आलं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण तिथे सगळं बोलणं ऑर्डर आणायचं. ऑर्डर आल्यानंतर त्या एका डब्याचं काय काय होतं आणि त्यात आपले रुपये कुठे कुठे गळतात हे कुणी सांगितलं नाही.

ते बाबांनी शिकवलं. बाबा पतसंस्थेत कॅशियर होते, आयुष्यभर रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहिलेला माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातली एक कोरी वही काढून दिली आणि म्हणाले, महिन्याचा हिशोब नंतर बघू, आधी एका पार्सलचा लिही.

एका पार्सलचा असा निघाला. माल आणि कांडप मिळून १८५ रुपये (ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, खोबरं, तीळ, धने, कांदा, लसूण, तेल, गॅस सगळं धरून). पाउच आणि लेबल १२. खोका, बबल, टेप १८. कुरिअर सरासरी ७८. गेटवेचे किंवा सीओडीचे चार्जेस सरासरी २५. ३८० मधून हे गेले की राहतात ६२. मला ६२ पण बरे वाटले. बाबा म्हणाले, जाहिरात? जाहिरातीला त्या महिन्यात ४,५०० गेलेले. आणि परत आलेली पार्सलं?

परत आलेली १४ होती. सगळी सीओडीची. म्हणजे पोचली ७६, त्यांचे ६२ प्रमाणे ४,७१२, त्यातून जाहिरात वजा केली की हातात २१२ रुपये. १४ पार्सलांचं जायचं भाडं ७८ आणि यायचं ६५ असे २,००२ गेले, त्यांचं पॅकिंग ४२० आणि आतला माल २,५९०. खाली बेरीज मारली तर ४,८०० रुपये तोटा. ३४,२०० ची विक्री आणि ४,८०० तोटा. बाबांनी काही म्हटलं नाही, फक्त आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

आतला माल का धरला ते सांगते. परत आलेलं एक पार्सल मला अजून डोळ्यासमोर दिसतं. १९ दिवसांनी आलं होतं. आमच्या टेपवर दुसरी टेप, त्यावर तिसरी, एक कोपरा चेपलेला, आणि खोक्याच्या तळाला तेलाचा लाल गोल डाग, हाताला लागला तर वास तोच आपल्या घरातला. वर चिकटवलेलं, ग्राहक उपलब्ध नाही. आईने पाउच उघडून चिमूटभर तळहातावर घेतला, वास घेतला, आणि म्हणाली हा आता विकायचा नाही. मी म्हटलं अगं चांगला आहे की. ती म्हणाली, चांगला असेल, पण कुठे कुठे उन्हात पडून आलाय ते आपल्याला माहीत नाही, आणि खाणाऱ्याला पण माहीत नाही. १४ च्या १४ पाउच बाजूला गेले. मला त्या दिवशी पैशापेक्षा तिच्या हाताचं वाईट वाटलं, कारण चैत्राच्या उन्हात मिरची वाळवून, डेख काढून, भाजून, डंकावर नंबर लावून बसणं काय असतं ते मी लहानपणापासून बघितलंय.

मग कुरिअरच्या ७८ च्या मागे लागले. कुरिअर बुक करायच्या पॅनलवर तर ४२ दिसायचे! नंतर वजनात फरक म्हणून तिथल्या वॉलेटमधून (आधी भरून ठेवलेल्या पैशातून) वेगळे कापून जायचे आणि मी ते कधी उघडून बघितलंच नव्हतं. तर गोष्ट अशी की कुरिअरवाले नुसतं वजन धरत नाहीत, खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात आणि खरं वजन किंवा हे वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. माझा खोका २५ बाय २० बाय १५ चा होता, बाजारात तोच सहज मिळतो म्हणून आणलेला. ७५०० भागिले ५०००, दीड किलो. अर्ध्या किलोच्या मसाल्याला मी दीड किलोचं भाडं भरत होते, आत हवा आणि बबल!

खोका बदलला, २० बाय १४ बाय ८, त्याचं ४४८ ग्रॅम पडतं. पण मसालाच ५०० ग्रॅम, वर पाउच आणि खोका, म्हणजे भाड्याचा अर्ध्या किलोचा स्लॅब, म्हणजे टप्पा, तरी पार होणारच आणि पुढचा स्लॅब लागणार. दोन दिवस डोकं लावलं आणि शेवटी पाकीटच ४०० ग्रॅमचं केलं. आता पॅक केलेलं पार्सल काट्यावर ४७० च्या आसपास येतं. आईला ४०० हा आकडा अजिबात पसंत नव्हता, अर्धा शेर पाव शेर असं काहीतरी गोल हवं तिला, पण या एका बदलाने जेवढे पैसे वाचले तेवढे कुठल्याच जाहिरातीने आणले नाहीत.

सीओडी बंद करा असं सगळे सांगतात. मी केलं नाही. लातूर, नांदेड, खेड्यापाड्यातल्या बायका ऑर्डर देतात, त्यांनी कधीतरी आधी पैसे भरून फसवून घेतलेलं असतं, त्यांचा संशय रास्त आहे. आम्ही दोन गोष्टी केल्या. आधी पैसे भरले तर ३० रुपये कमी, आणि सीओडी असेल तर पाठवायच्या आधी फोन. फोन मी करत होते तेव्हा फार फरक पडला नाही. आईने करायला घेतला आणि पडला. ती विचारते, ताई, मटणाला पाहिजे का रोजच्या भाजीला, तिखट कितपत खाता, घरी कोण असतं दुपारचं. दोन मिनिटात पत्ता नीट होतो, मु. पो. च्या पुढे खरी खूण लागते, आणि ज्याने उगाच बटण दाबलंय तो तिथेच नको म्हणतो. आता महिन्याला दोन-तीनच परत येतात.

नावाचं पण एक शिकायला मिळालं. आमच्याकडे कराड, सांगली, कोल्हापूर सगळीकडे या मसाल्याला चटणीच म्हणतात, त्यामुळे मी वेबसाइटवर आधी कोल्हापुरी चटणी लिहिलं होतं. मुंबईच्या एका काकूंचा मेसेज, फ्रीजमध्ये ठेवायची का, डोशाबरोबर चालेल का! त्यांची काय चूक. आता कांदा लसूण मसाला असं ठळक लिहून खाली आमच्याकडे याला चटणी म्हणतात असं लिहिलंय, फोटोत चमचा ठेवलाय म्हणजे पोत कळतो.

कागदपत्रं थोडक्यात सांगते कारण सारखं विचारलं जातं. खाण्याचं काही विकायचं तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेचं सरकारी खातं) नोंदणी पहिली, मी काढली तेव्हा १२ लाखापर्यंतच्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये फी होती, १४ आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर छापायचा. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. लेबलवर घटक, निव्वळ वजन, एमआरपी, बनवल्याची तारीख, किती दिवसात वापरायचं, पत्ता, फोन, शाकाहारीचा हिरवा ठिपका, हे सगळं घरगुती असलं तरी लागतं.

जीएसटीचं मात्र नीट समजून घ्या. माझी समजूत होती की ४० लाखापर्यंत काही लागत नाही. ते वस्तू आपल्याच राज्यात विकत असाल तर. राज्याबाहेर एक पाकीट जरी विकायचं तरी आपल्या मसाल्यासारख्या मालाला नोंदणी लागते, उलाढाल कितीही कमी असो. मला हे कळलं ते बेळगावच्या एका ऑर्डरमुळे. बेळगाव आम्हाला मुंबईपेक्षा जवळ, ऑर्डर देणाऱ्या ताई आमच्यासारखंच मराठी बोलणाऱ्या, आणि आमच्या मसाल्यातली संकेश्वरी मिरची ज्या गावाच्या नावाची ते संकेश्वर बेळगाव जिल्ह्यातच. तरी सीएने सांगितलं, थांबा, आधी नंबर घ्या. ताईंना थांबावं लागलं, पण थांबल्या. नोंदणीनंतर दर महिन्या-तिमाहीचं रिटर्न आलं ते एक काम वाढलं, पण खोके आणि कुरिअरवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट पण मिळायला लागलं, म्हणजे तेवढा टॅक्स आपल्या भरायच्या टॅक्समधून वजा होतो.

अजून एक, मनापासून सांगते. २० किलोची मोठी ऑर्डर देतो म्हणून एकाचा फोन आला, मी सैन्यात आहे, कॅंटीनला पाहिजे, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे तुमच्या खात्यात पैसे येतील. असा क्यूआर स्कॅन केला की पिन मागितला जातो, पण पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच टाकायचा नसतो. कधीच नाही. पिन मागितला की पैसे जाणार. आणि पेमेंटच्या स्क्रीनशॉटवर माल पाठवू नका, बँकेत जमा दिसू दे मग खोका बंद करा. तुमच्या घरी आई, सासू असं काही चालवत असतील तर त्यांना हे आजच सांगा.

आता धंद्याचं खातं वेगळं आहे. मिरची वर्षाची एकदाच फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावी लागते, त्यामुळे मोठी रक्कम त्यात अडकते आणि पुढे महिनोन्महिने पाकिटातून थोडी थोडी सुटते, म्हणून दर आठवड्याला ठरलेला भाग मिरचीसाठी बाजूला टाकते. वही अजून तीच चालू आहे, एक्सेल पण आहे पण बाबांना वहीच लागते, संध्याकाळी चष्मा लावून स्वतः बघतात.

काल बेळगावच्या त्याच ताईंची पुन्हा ऑर्डर आली. ३४० चं पाकीट, माल १४८, पाउच १२, खोका १४, कुरिअर ५२, गेटवे ८, टॅक्स १६, जाहिरात नाही कारण त्या स्वतःहून आल्या. आई बरणीतला हिंगाचा खडा बाजूला करून मसाला काढत होती, तिने विचारलं, यात किती राहतात गं. मी वही न उघडता सांगितलं, ९०. ती म्हणाली, मग त्यांना थोडे तीळकूट घाल सोबत, आणि मी काटा बघितला, ४७१, तीळकुटाची २५ ग्रॅमची पुडी बसली.