तुम्ही विचारलंत म्हणून: लिंकनने अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामांसाठी केलंच नव्हतं ना?

व्हर्जिनियात राहतो म्हटलं की भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा दुसऱ्या दिवशी चहाला हे विचारतोच, आणि चेहरा असा की मोठं बिंग फोडलंय. हो बाबांनो, ते 1862 चं पत्र मलाही माहितीये, एकही गुलाम न सोडता युनियन, म्हणजे अखंड अमेरिका, वाचत असेल तर तसंही करीन असं लिहिलंय त्याने. कॉलेजात असताना मीच ते लोकांच्या तोंडावर फेकायचो. पण मग साउथ, म्हणजे दक्षिणेतली गुलामगिरीची राज्यं, अमेरिकेतून फुटला कशासाठी? मिसिसिपीने फुटताना लेखी दिलंय की आमचं सगळं गुलामगिरीशी बांधलेलं आहे. ते कुणी विचारत नाही.

मला विचाराल तर 23 मे 1861 ची रात्र बघा. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी, जेम्स टाउनसेंड, तिघंही गुलाम, साउथच्या तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलेले, आणि आता मालक लांब नॉर्थ कॅरोलायनात धाडणार होता. तर हे तिघं रात्री होडी वल्हवत समोरच्या फोर्ट मन्रोला, आमच्या व्हर्जिनियातल्याच किल्ल्यात गेले, तिथे युनियनचं, म्हणजे लिंकनच्या बाजूचं सैन्य. आत घेतील की बांधून परत पाठवतील काही माहिती नाही, कायदा तर परत पाठवायचाच होता आणि लिंकनही तेव्हा राज्यांतल्या गुलामगिरीला हात लावणार नाही म्हणत होता. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन हजर. किल्ल्यातला जनरल बटलर मूळचा वकील, तो म्हणाला तुम्ही स्वतःला वेगळा देश म्हणवता ना, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू? शत्रूचा जप्त माल म्हणून ठेवून घेतलं. माल! माणूस म्हणून नाहीच. चीड येते मला. पण काही आठवड्यांत तिथे शेकडो लोक येऊन थडकले आणि ऑगस्टमध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, साउथच्या लष्करी कामाला जुंपलेल्या गुलामांवरचा मालकाचा हक्क काढणारा कायदा करावा लागला. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा 1863 चा, एवढं लक्षात घ्या.

आता म्हणाल, म्हणजे गुलामांनी स्वतःच सोडवून घेतलं का? तसंही नाही म्हणता येत. केंटकी राज्य युनियनमध्येच राहिलं होतं, म्हणून तो जाहीरनामा तिथे लागूच नव्हता. नोव्हेंबर 1864 मध्ये तिथल्या कॅम्प नेल्सन या युनियनच्या लष्करी तळावरही लोक असेच आलेले, भरती झालेल्या काळ्या सैनिकांच्या बायका-पोरं, चारशेच्या आसपास. युनियनच्याच अधिकाऱ्याने कडाक्याच्या थंडीत बाहेर काढलं, झोपड्या पाडल्या, शंभरएक मेले. मग बोंब झाली आणि मार्च 1865 मध्ये अशा कुटुंबांना मुक्त करणारा कायदा आला. शेवटी वॉशिंग्टनचं सरकारच लागलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. ती बायका-पोरं मेली नसती तर वॉशिंग्टन हललं असतं का, हे मी विचारणार.