कंबोडियाची ट्रिप आणि अनाथाश्रमासाठी नेलेली १४ किलोची बॅग

फेब्रुवारीत आम्ही चौघं कंबोडियाला जाऊन आलो, मी, आमचे हे, वन्सं आणि त्यांचा मुलगा. मुंबई ते बँकॉक, तिथून सिएम रीप, म्हणजे अंगकोरच्या मंदिरांजवळचं गाव, एकूण पाच रात्री. मंदिरांबद्दल लिहीनच थोडं, पण मुख्य लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल, कारण परत आल्यापासून तीन जणींनी विचारलं की तिकडे एखाद्या अनाथाश्रमात मुलांना काही देता येईल का, आणि दर वेळी फोनवर तासभर बोलले, तेव्हा म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

आमच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध माघात येतं. दरवर्षी त्या दिवशी आम्ही आमच्याकडच्या एका बालकाश्रमात जेवण देतो, बऱ्याच घरांत वाढदिवसाला देतात तसंच. यंदा तिथी नेमकी ट्रिपमध्ये आली, म्हणून ठरवलं की तिकडच्याच मुलांना काहीतरी द्यायचं. एक आख्खी बॅग भरली, वजन १४ किलो. दुरेघी वह्या, चित्रकलेच्या वह्या, पेन्सिली, शंभर खोडरबर, रंगपेट्या, हवा काढलेले दोन फुटबॉल. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय बीड जिल्ह्यात, त्यामुळे मुलांना काय लागतं ते मला कळतं अशी खात्री होती.

पहिल्या दिवशीचं पटकन सांगते. अंगकोरचं तिकीट मंदिराच्या दारात मिळत नाही, मोठं तिकीटघर वेगळीकडे आहे, तिथं फोटो काढून पास देतात. एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचा घ्या, एका दिवसात सगळं उरकायला गेलात तर फक्त पाय दुखतील. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, टोपी, पाणी. सूर्योदयाला अंगकोर वाटला तुफान गर्दी असते, पण सूर्य वर आला की लोक नाश्त्याला पळतात आणि त्या वेळात भिंतीवरचं समुद्रमंथन निवांत बघता येतं, ते अजिबात चुकवू नका. ता प्रोम या मंदिरात झाडांची मुळं भिंतींवरून उतरलीत, तिथलं जतनाचं काम आपल्या पुरातत्त्व खात्याने केलंय, पाटी वाचून बरं वाटलं. शाकाहारी असाल तर जेवणात फिश सॉस नको हे आधीच सांगा, नाहीतर नुसत्या भाजीतही असतो.

आमचा टुकटुकवाला चांगला माणूस होता, पस्तिशीचा असेल, इंग्रजी बऱ्यापैकी. तिथीच्या दिवशी त्याला म्हटलं, अनाथाश्रमात ने. तो गप्प झाला, मग म्हणाला, मॅडम, शुअर? मला वाटलं लांब असेल म्हणून विचारतोय. पाटी दिसली तिथं त्याने नेलं, 'व्हिजिटर्स वेलकम' असं लिहिलेलं, नाव देत नाही कारण एकाच जागेबद्दल बोलायचं नाहीये.

आत गेलो तर पाच मिनिटांत मुलं रांगेत उभी राहून गाणं म्हणायला लागली. गाणं झालं आणि सात-आठ वर्षांची एक मुलगी सरळ येऊन माझ्या मांडीवर बसली. मी शिक्षिका आहे हे ड्रायव्हरने सांगितलं तर ती मला 'नेअक क्रू' म्हणाली. तो म्हणाला बाई शिक्षिकेला असंच म्हणतात, क्रू म्हणजे गुरू, आपलाच शब्द, आणि शाळेला ते साला म्हणतात, आपली शाला. मला काय आनंद झाला. तिची एक वेणी सुटली होती, मी ती नीट घालायला घेतली, तर तिने मान न हलवता एका हाताने माझी पर्स धरून ठेवली. घट्ट नाही, नुसती धरून. आणि वेणी घालता घालता मला एकदम आठवलं की जूनमध्ये पहिलीत आलेलं पोर पंधरा दिवस दाराशी रडतं, महिना झाला तरी बाईंच्या जवळ यायला लाजतं. अनोळखी बाईच्या मांडीवर दोन मिनिटांत येऊन बसणारं मूल मी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मी उठले तेव्हा ती रडली पण नाही, दारातून दुसरे पाहुणे आत येत होते, तिकडे गेली.

बॅग तिथल्या माणसाने घेतली आणि कपाट उघडलं. कपाटात वह्याच वह्या होत्या, प्लास्टिकसुद्धा न फाडलेल्या, खेळणी पाकिटात तशीच. मग देणगीची वही पुढे आली, प्रत्येक नावापुढे आकडा. आम्ही ५० डॉलर दिले.

बाहेर आल्यावर ड्रायव्हरला विचारलं त्या मुलीशी तू काय बोललास. तर तिची आई आहे. थायलंडमध्ये बांधकामावर कामाला, आणि आजी गावात, तिथून दोन-अडीच तासांवर. शाळा फुकट, इंग्रजी शिकवतो, जेवण देतो असं सांगून कुणीतरी तिला आणलं, आजीने पाठवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याने हॉटेलवर बसून बरंच वाचून काढलं, घरी आल्यावर मीही वाचलं, त्यातलं जे पक्कं आहे ते सांगते.

१९७५ ते ७९ मध्ये ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत या देशात लाखो माणसं मेली, तेव्हाची मुलं खरोखरच अनाथ होती. पण पुढे शांतता आली, पर्यटक वाढले, आणि २००५ ते २०१० या काळात अनाथाश्रम कमी व्हायच्या ऐवजी ७५ टक्क्यांनी वाढले. २०११ च्या सरकारी आणि युनिसेफच्या अभ्यासात दिसलं की आश्रमातल्या जवळपास चारांतल्या तीन मुलांचे आईवडील, निदान एक तरी, हयात आहेत. २०१५ ला सरकारने मोजणी केली तेव्हा ४०६ संस्था आणि त्यांत १६,५७९ मुलं होती, आणि नंतर पाच प्रांतांतली ३० टक्के मुलं घरी परत पाठवायचं ठरलं, त्यात सिएम रीपही होतं. म्हणजे तिथलं सरकारच म्हणतंय की मुलं घरी हवीत. ऑस्ट्रेलियाने तर २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरुद्धच्या कायद्याच्या वेळी हा प्रकार मुलांच्या तस्करीत धरला. आश्रमात आणण्यासाठी पोरं गोळा करायची, कारण पोरं दिसली की पाहुणे पैसे देतात. सगळे आश्रम असे आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण बाहेरून आलेल्या माणसाला एका तासाच्या भेटीत फरक कळत नाही, मला ३१ वर्षं मुलांत काढून कळला नाही.

आणि खरं सांगायचं तर हे मला आधीच समजायला हवं होतं. आमच्याकडे दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात तेव्हा काय करायचं यावर आम्ही वर्षानुवर्षं डोकं घातलंय. मूल फडावर गेलं की शाळा सुटते. मग हंगामी वसतिगृह, म्हणजे पोर गावातच आजीआजोबांकडे राहतं, जेवण शाळेत, अभ्यास शाळेत, आईबाप परत आले की पोर त्यांचंच. आमच्या गावच्या ऊसतोड कामगाराच्या पोराला कुणी अनाथ म्हणून परदेशी पाहुण्यांपुढे नाचवलं असतं तर मी भांडले असते. बालसंगोपन योजनेचे अर्ज मी स्वतः भरून दिलेत, कोविडनंतर तर कितीतरी, महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि मूल काकाकडे, मामाकडे, आजीकडे राहतं. थायलंडला गेलेली ती आई आणि आमच्याकडची कोयता घेऊन गेलेली आई, मला तरी दोघींत काही फरक दिसत नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. अनाथाश्रम बघायला जाऊ नका, कितीही चांगल्या मनाने असलं तरी. आपल्या घरात रोज वीस अनोळखी माणसं येऊन पोरांना मांडीवर घेऊन फोटो काढायला लागली तर आपण चालवून घेऊ का? एखादी संस्था चांगली आहे असं कुणी सांगितलं तर ईमेलने विचारा की गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली, घरच्यांना कोण जाऊन भेटतं, पगारी समाजसेवक किती, सरकारकडे नोंदणी आहे का, आणि मला मुलांना भेटायला येता येईल का. शेवटच्या प्रश्नाला 'या, कधीही या' असं उत्तर आलं तर तिथंच थांबा. नाही म्हणणारी संस्था बरी.

रस्त्यावर एखादी बाई तान्हं बाळ घेऊन येते आणि म्हणते पैसे नकोत, बाळाला दूध घेऊन दे, आणि हाताला धरून दुकानात नेते. वन्संना असंच नेलं, डबा चांगलाच महाग होता. तो डबा नंतर त्याच दुकानात परत जातो आणि पैसे वाटले जातात. बाळ खरं असतं, भूकही खरी असेल, पण दिवसभर उन्हात फिरवायला ते बाळ लागतं ते आपण डबा घेतो म्हणूनच.

तोनले साप तळ्यावर बोटीने गेलो, पावसाळ्यात ते कित्येक पटींनी पसरतं, घरं उंच खांबांवर, बघण्यासारखं आहेच. पण आमची बोट मध्येच एका तरंगत्या दुकानाशी थांबली, आणि तिथल्या अनाथ मुलांच्या शाळेसाठी तांदळाचं पोतं घ्या म्हणून इतका आग्रह की नको म्हणायला धीर लागला. बोटीचं ठरवतानाच हॉटेलमधून लिहून घ्या की मध्ये कुठे थांबायचं नाही.

मंदिरापाशी मुलं पोस्टकार्डं, बांगड्या विकतात, हिंदीतसुद्धा आकडे म्हणून दाखवतात. फार गोड असतात, तरी घेऊ नका. तिथं सरकारी शाळा सकाळ किंवा दुपार अशी अर्धा दिवस भरते, उरलेल्या वेळात विकायला येतात, आणि धंदा चांगला झाला की उरलेला अर्धा दिवसही जातो. हे मी आपल्याकडेही बघितलंय, पोर कमवायला लागलं की त्याला वर्गात बसवणं किती अवघड असतं. वस्तू घ्यायचीच तर मोठ्या माणसाकडून घ्या, घासाघीस न करता.

मग द्यायचं असेल तर कुठे? अंगकोरच्या प्रत्येक तिकिटातले २ डॉलर कंथा बोफा या मुलांच्या दवाखान्याला जातात, म्हणजे तुम्ही आधीच दिलेत. बेआट रिश्नर नावाच्या स्विस डॉक्टरांनी ही हॉस्पिटलं पुन्हा उभी केली, ते चेलो वाजवून पैसे जमवायचे, २०१८ ला गेले. उपचार पूर्ण फुकट. सिएम रीपमधलं हॉस्पिटल अंगकोरच्या रस्त्यावरच आहे आणि तिथं पर्यटकांनाही रक्तदान करायचं आवाहन असतं. ह्यांनी आणि भाच्याने दोघांनी केलं, आधी तपासणी होते, उन्हात फिरून आल्यावर लगेच जाऊ नका, सकाळी खाऊन, पाणी पिऊन जा. सासऱ्यांच्या नावाने काही करायचं होतं ते मला तिथं झाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी फारे सर्कस बघा. बत्तमबांगमध्ये १९९४ पासून या लोकांची कलाशाळा आहे, निर्वासित छावणीतून परत आलेल्या तरुणांनी आणि त्यांच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने काढलेली. तिथं शिकलेली पोरं मोठी होऊन इथं पगारावर काम करतात, प्राणी नाहीत. पुढच्या रांगेत बसून मी रडले, ह्यांनी रुमाल दिला. जेवायला गरजू घरच्या तरुणांना हॉटेलचं काम शिकवणारी ठिकाणं आहेत, साला बाई ही त्यातली जुनी, तिथं बिल भरलं की तेच दान. चाइल्डसेफचं चिन्ह असलेले टुकटुक आणि हॉटेलं दिसतात, त्यांना मुलांबाबत काय करायचं याचं ट्रेनिंग असतं, काही चुकीचं दिसलं तर त्यांना सांगा, आपण स्वतः मुलाला धरून कुठे नेऊ नका.

वह्या, पेन्सिली इथून नेऊ नका. आमच्या दुरेघी वह्या तिथल्या ख्मेर भाषेच्या अक्षरांना उपयोगी नाहीत, त्यांची अक्षरं खाली-वर अशी गुंफलेली असतात. फसार लेउ बाजारात सगळं स्वस्त मिळतं आणि तिथल्या दुकानदाराचं घर चालतं.

परत येऊन पैसे पाठवायचे असतील तर बँकेतून परदेशी देणगी म्हणून पाठवता येतात, फॉर्म भरावा लागतो, चार्जेस लागतात, आणि परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली ८०जी ची सवलत मिळत नाही हे आधी माहीत असू द्या. म्हणून पाच-दहा जणांनी मिळून एकदाच पाठवा. आम्ही चौघांनी मिळून खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी सायकली देणाऱ्या एका संस्थेला पाठवले, मुली घरीच राहतात, फोटो मागितले नाहीत.

शेवटच्या दिवशी ड्रायव्हर विमानतळावर सोडायला आला, नवा विमानतळ गावापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे, तासभर धरून चला. वाटेत त्याला विचारलं, त्या दिवशी शुअर का म्हणून विचारलंस. म्हणाला, पाहुणे रागावतात, भाडं जातं. त्याच्या दोन मुली गावी त्याच्या आईकडे असतात, आठवड्याला जाऊन भेटतो. पाचही दिवसांचं भाडं त्याने मागितलं तेवढं दिलं, वर धाकटीसाठी माझ्या पर्समधला चाफ्याच्या फुलाचा क्लिप. तो त्याने आरशाला लावून ठेवला.

डिसेंबरात माझ्या दोन मैत्रिणी चालल्यात, बॅगेत काय भरू विचारत होत्या. सांगितलं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ओडोमॉस, ओआरएस आणि न घसरणारे बूट, तिथल्या पायऱ्या फार उभ्या आहेत.