गिरण्या गेल्या, मग सोलापूर चालतं कशावर?

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की स्टेशनवरून घरी पोहोचेपर्यंत हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८७७ साली इथं पहिली कापड गिरणी निघाली. पुढं निघालेल्या एका गिरणीत माझे वडील साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, होते. नव्वदच्या दशकात ती बंद पडली आणि पगार थांबला. चूल मात्र पेटत राहिली, कारण आई घरी बिड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं नि तंबाखू. हजार बिड्या झाल्याशिवाय ती उठायची नाही. त्याच तंबाखूनं तिला जन्माचा खोकला दिला, त्यामुळे त्या धंद्याचं कौतुक माझ्या तोंडून निघत नाही.

मग वडिलांनी पूर्व भागात शेड भाड्यानं घेऊन चार यंत्रमाग टाकले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा हा भाग. मागावरचं बोलणं आजही निम्मं तेलुगूत चालतं. मी टॉवेल विणतो. टर्किश टॉवेलला ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, दोन बीम (सूत गुंडाळलेले रूळ) लागतात, एक ताठ नि एक सैल. सैल सुताचे फासे वर उभे राहतात, तेच पाणी टिपतात.

आता बघा, सूत रंगवणारा वेगळा, बीम भरणारा वेगळा, धाग्यांची टोकं जोडणारा वेगळा. मागाचा एखादा भाग मोडला तर कोपऱ्यावरचा लेथवाला. विणून झालं की कडा शिवायला गठ्ठे शेजारच्या घरांत जातात. एका टॉवेलचा पैसा आधी या दोन-तीन गल्ल्यांत फिरतो, मग किराणा दुकानात नि शाळेच्या फीत जातो. गिरणीत हे सगळं एका फाटकाच्या आत होतं. फाटकाला कुलूप लागलं नि सगळ्यांचंच काम एका दिवसात गेलं. इथं एक शेड बंद पडली तर कारागीर दुसऱ्या शेडमध्ये उभा राहतो. सोलापूर चालतं ते यावर.

पण पैसा अडकला तर तोही याच गल्ल्यांत अडकतो. लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं, असं २००६चा कायदा सांगतो. परराज्यातल्या एका घाऊक व्यापाऱ्यानं माझं बिल सात महिने थकवलं. सूत रंगवणारा रंगणीवाला पैशांसाठी थांबून राहिला, शिवणाऱ्या बायकांनी पंधरा दिवस हिशेब मागितला नाही. शनिवारची मजुरी भागवायला बायकोनं स्वतःहून पाटल्या काढून दिल्या. बिल शेवटी आलं. आधी रंगणीवाल्याचे नि त्या बायकांचे पैसे दिले. पाटल्या अजून सोडवायच्या आहेत.