भिंतीवरचा फ्रेडी

नौपाड्यातल्या माझ्या गाण्याच्या क्लासमध्ये तानपुऱ्याच्या वर फ्रेडी मर्क्युरीचा फोटो लावलाय. मुलांना सोडायला आलेले पालक हमखास विचारतात, "मॅडम, तुम्ही तर शास्त्रीय शिकवता, मग हा रॉकवाला इथे कसा?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तो फोटो त्याच्या दातांसाठी आहे.

फ्रेडी मूळचा फारोख बल्सारा. पारशी घरातला, जन्म १९४६ चा, झांझिबारमधला. आठेक वर्षांचा असताना पाचगणीच्या बोर्डिंगात आला. पियानो तिथे शिकला, पहिला बँडही तिथलाच. तोंडात चार दात जास्तीचे, त्यामुळे पुढचे बाहेर आलेले. पोरं त्याला 'बकी' म्हणून चिडवायची. पुढे लंडनला 'क्वीन' या रॉक बँडचा मुख्य गायक झाला, पैसा आला, तरी त्याने दात काही नीट करून घेतले नाहीत. आवाज बदलेल ही धास्ती. एरवी ओठांनी दात झाकायला बघायचा, पण गायला लागला की सगळं विसरायचा.

माझ्याकडे सातवीतली एक मुलगी येते. आकार लाव, म्हणजे 'आ' करून सूर लाव, म्हटलं की तिचा हात तोंडावर. सहा महिने मी "तोंड उघड गं" म्हणत राहिले आणि सूर बोटांआडून दबकाच येत राहिला. शेवटी तिला इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर झालेला कार्यक्रम दाखवला. 'क्वीन'च्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटं. मधेच फ्रेडी नुसत्या गळ्याने एकेक हरकत, म्हणजे सुरांचा छोटासा तुकडा, घेतो आणि सत्तर हजार माणसं ती तशीच परत म्हणतात. आमच्या क्लासातलं "माझ्यामागून म्हणा" ते हेच! ती पुटपुटली, "केवढं तोंड उघडतो हा."

रॉक म्हणजे आरडाओरडा, हे मला अजिबात मान्य नाही. बोलताना जाडसर असलेला त्याचा आवाज तारसप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, किती नेमका लागायचा, ते ऐका एकदा. मे १९९१ मध्ये, एड्सने अंग पोखरलेलं असताना, स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या स्टुडिओत तो जमेल तसं गाऊन ठेवत होता. एका गाण्याचं शेवटचं कडवं राहिलं. ते पुढे गिटारवाल्या ब्रायन मेने गायलं. नोव्हेंबरात फ्रेडी गेला. वय ४५.

परवा त्या मुलीने वरचा सा लावला. हात होताच, पण हनुवटीपर्यंत उतरलेला.