प्रयोगशाळेतला आर्मस्ट्राँग

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत सांगाड्याच्या कपाटावर एक फ्रेम होती, आठवते का? पांढऱ्या सूटमधला अंतराळवीर, तोंडासमोर सोनेरी काच, आणि खाली ऑइलपेंटने ‘चंद्रावरील पहिला मानव – नील आर्मस्ट्राँग’. आठवीत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत त्या फ्रेमची आठवण करून देत आर्मस्ट्राँगवर पाच मिनिटं भाषण ठोकलं, टाळ्या पण पडल्या, आणि खाली उतरलो तर विज्ञानाचे सर म्हणाले, छान बोललास रे, पण मग तो फोटो काढला कोणी?

आता त्या अपोलो ११ मोहिमेत चंद्रावर उतरलेले दोघंच, आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन, तिसरा मायकेल कॉलिन्स वर कोलंबिया यानात चंद्राभोवती घिरट्या घालत होता. मी गप्प. सरांनी मला प्रयोगशाळेत नेलं, फ्रेम खाली उतरवली, हातात भिंग दिलं, म्हणाले काचेत बघ. आधी नुसते छपाईचे ठिपके दिसले, मग भिंग जरा मागेपुढे केलं तर ईगल यानाचे पाय, ऑल्ड्रिनची लांबलचक सावली, आणि एक इवलासा पांढरा माणूस. तो आर्मस्ट्राँग! कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्याकडेच, म्हणून पहिल्या माणसाचे चंद्रावरचे धड फोटोच फार कमी. फोटोतल्या अधिकच्या चिन्हासारख्या (+) बारीक खुणा आम्हाला कुणीतरी पेनने केल्यात असं वाटायचं, त्या कॅमेऱ्यातल्या काचेवरच्या, मोजमापासाठी, हेही सरांनीच सांगितलं. २१ जुलै १९६९ ला, सोमवारी सकाळी साडेआठच्या आसपास, चंद्रावर पाऊल पडलं तेव्हा सर रेडिओला कान लावून बसले होते म्हणे.

पुढे नेटवर वाचलं की तो हॅसलब्लाड कंपनीचा कॅमेरा छातीवर अडकवलेला, त्याला डोळा लावून बघायची सोयच नव्हती, अख्खं अंग वळवून नेम धरायचा, त्यामुळे मूळ फोटो तिरपा आलाय आणि ऑल्ड्रिनच्या पाठीवरच्या अँटेनाचं टोक कापलं गेलंय (आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये काकांचा फेटा कापलाय तसंच), नंतर वर काळं आकाश जोडून तो छापला. कॅमेरा मात्र तिथेच सोडून आले, वजन नको म्हणून, फिल्म तेवढी आणली.

परवा मीटिंगला आलो तेव्हा मुद्दाम वर गेलो. फ्रेम अजून आहे, ऑइलपेंट पण तोच, आणि काचेवर कुणीतरी बॉलपेनने हेल्मेटकडे बाण काढून ‘आर्मस्ट्राँग हा’ असं लिहिलंय. त्यावरून तेव्हा अख्ख्या नववी ब ला मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या होत्या. तो बाण माझा, मित्रांनो. सॉरी.