गोरिंगपाशी थांबलेले वाचन

रविवार, रात्र

गेल्या दोन आठवड्यांपासून रात्रीची जेवणे उरकली की मी आईला जेरोम के. जेरोम यांची ‘थ्री मेन इन अ बोट’ ही कादंबरी वाचून दाखवते. समोर इंग्रजी पुस्तक धरायचे आणि तोंडाने मराठीत सांगत जायचे, असा आमचा क्रम आहे. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात तीन मित्र आणि मॉन्टमोरेन्सी नावाचा कुत्रा टेम्स नदीतून होडीने किंग्स्टनहून ऑक्सफर्डला जातात, यापलीकडे कथानक म्हणावे असे काही नाही. पण भिंतीवर एक तसबीर लावायला निघालेले पॉजरकाका रुमालासाठी कोट आणि कोटासाठी सारे घर धुंडाळायला लावतात, आणि तो कोट अखेर त्यांच्याच बुडाखाली निघतो, हे ऐकताना आईने पदराने डोळे पुसले. “अगं, हे तर तुझे आजोबा!” ती म्हणाली.

अननसाच्या डब्याचे प्रकरण तर मला दोनदा वाचावे लागले. डबा उघडण्याचे हत्यार घरीच राहिलेले. मग चाकू मोडतो, कात्री उडून डोळ्याजवळून जाते, होडीच्या आकडीचे टोक निसटते आणि निवेदक पाण्यात पडतो. शेवटी तिघे मिळून दगड आणि डोलकाठी घेऊन त्या डब्यावर तुटून पडतात, त्याला ठोकून नाना आकार आणतात, पण भोक काही पडत नाही. एखाद्या लढाईची हकीकत सांगावी तितक्या गांभीर्याने जेरोम हे सांगतात, आणि भुकेल्या माणसाला ती खरोखर लढाईच वाटत असते, म्हणून ते इतके पटते. इतक्या वर्षांनंतर, टेम्स कधीही न पाहिलेल्या माझ्या आईला त्यात आपले घर दिसते, हे या पुस्तकाचे मोठेच यश आहे.

जेरोम यांना मुळात टेम्सकाठची स्थळे आणि त्यांचा इतिहास लिहायचा होता. इंग्लंडच्या राजाची सत्ता मर्यादित करणाऱ्या १२१५ सालच्या ‘मॅग्ना कार्टा’ या सनदेचे, नदीकाठच्या रनिमीड येथील अलंकारिक वर्णन त्या बेताची खूण वाटते. तिथे आईला जांभया येऊ लागल्या आणि मी पाने उलटली.

आज मात्र आम्ही टेम्सकाठच्या गोरिंग या गावापाशी आलो. नदीतून एका स्त्रीचे प्रेत वाहत येते. फसवली गेलेली, घरच्यांनी टाकलेली ही बाई दिवसाला बारा तास राबून आठवड्याला बारा शिलिंग मिळवत होती, त्यांतले सहा मुलाच्या संगोपनासाठी देत होती आणि उरलेल्या सहांत स्वतः जगत होती. इतक्या थोड्या पैशांत देह आणि जीव एकमेकांना फारसे घट्ट धरून राहत नाहीत, अशा अर्थाचे एक वाक्य जेरोम इथे लिहितात. कसेबसे जगण्याला इंग्रजीत ‘देह आणि जीव एकत्र ठेवणे’ म्हणतात, त्यावरचा हा खेळ. शब्दाशी खेळण्याची त्यांची तीच जुनी सवय, पण या एका ठिकाणी ती अंगावर येते. विनोदी लेखणीला दुःख पेलत नाही असे मी आजवर मानत आले होते, परंतु या वाक्यात ते पेलले आहे. थोडे पुढे जाताच लेखक ही वाट सोडून नदीच्या कुशीत विसावलेल्या अभागिनीच्या हळव्या भाषेकडे वळतात आणि ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून पुसट होते. पुस्तक कमी पडते ते मला इथे वाटते: हसवणाऱ्या त्या नजरेनेच तिच्याकडे आणखी दोन पाने पाहिले असते, तर किती मोठे काही हाती लागले असते!

मरण्यापूर्वी ती मुलाला भेटते, त्याच्या हातात एका पेनीची चॉकलेटची डबी ठेवते आणि उरलेल्या पैशांतून गोरिंगचे तिकीट काढते. हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “त्या लेकराचं पुढे काय झालं?”

मी पुढची पाने चाळली. मुलाचा उल्लेख पुन्हा कुठेही नाही. नंतरचे प्रकरण नदीत कपडे धुण्याच्या फजितीने सुरू होते, आणि ती फजिती फार गमतीची आहे, पण आज मला ती मोठ्याने वाचवेना.